बरं वाटणं आणि बरं होणं

आमच्या घरात पोटाचा एकच आजार होता आणि त्याचं नाव पित्त. छातीत जळजळलं की पित्त, डोकं ठणकलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. आजीचं पित्त खवळायचं, आईला पित्त व्हायचं आणि बाबांचं पित्त उठायचं. उपायही ठरलेले होते. आजीच्या काळात कोकम सरबत आणि मोरावळा, आईच्या काळात थंड दूध, बाबांच्या काळात गोळी.

मागच्या जूनमध्ये बाबा सकाळी बाथरूममधून बाहेर येताना चक्कर येऊन पडले. शेजारच्या काकांनी त्यांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं. मी पुण्याहून कराडला पोचेपर्यंत रक्ताची पहिली पिशवी चढत होती. हिमोग्लोबिन ६.२ होतं. डॉक्टरांनी बाबांना विचारलं, "शौचाला काळं होत होतं का?" बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे आणि मग छताकडे. "चार-पाच दिवस झाले. डांबरासारखं. जांभळं खाल्ली होती, म्हटलं त्याचं असेल."

एंडोस्कोपीत दिसलं की जठर संपून लहान आतडं सुरू होतं तिथे अल्सर, म्हणजे व्रण आहे आणि त्यातून रक्त झिरपतंय. डॉक्टरांनी चालू औषधं विचारली तेव्हा मी फोन काढून ऑर्डरची यादी दाखवली. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या आणि पित्तासाठी रॅनिटिडिन. दर महिन्याला घरपोच. बाबांना दुकानात खेटे घालावे लागू नयेत म्हणून ऑटो-रिफिल मीच लावून दिलं होतं, पावणेदोन वर्षांपूर्वी.

डॉक्टरांनी यादी वाचली आणि बाबांना विचारलं, "पित्ताच्या गोळीनं बरं वाटायचं का?"

"हो, अर्ध्या तासात."

"म्हणूनच इतके दिवस आला नाहीत."

त्यांचा स्वर रागाचा नव्हता, पण ते वाक्य मला चिकटलं. बाबांच्या खाटेजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काढलेल्या चार रात्रींत मी अल्सरचा इतिहास वाचत गेलो. मी डॉक्टर नाही, इंजिनिअर आहे. एखादी सिस्टिम कोसळली की नेमकं काय आणि कधीपासून बिघडत होतं हे शोधायची सवय आहे, त्या सवयीनंच वाचत होतो. वाचता वाचता लक्षात आलं की आमच्या घरानं केलेली चूक जगभरच्या वैद्यकानं जवळजवळ शंभर वर्षं केली होती आणि तीही आमच्याच कारणानं. उपायानं बरं वाटत होतं!

*

पोटात नेमकं काय चालतं हे माणसाला पहिल्यांदा नीट दिसलं ते एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर, कातड्यांच्या व्यापाराच्या ठाण्यात, अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण कामगाराला अगदी जवळून बंदुकीचा बार लागला. तिथल्या लष्करी तळावरचे सर्जन विल्यम बोमाँट यांनी उपचार केले. माणूस जगला, पण पोटावरची जखम पूर्ण बुजली नाही. बरगड्यांखाली थेट जठरात उघडणारं एक भोक कायमचं राहिलं.

बोमाँटनी त्या भोकाची खिडकी केली. रेशमी दोऱ्याला मांसाचा, पावाचा, कोबीचा तुकडा बांधून ते आत सोडायचे आणि ठरावीक वेळानं बाहेर काढून किती पचला ते पाहायचे. जठरातला रस बाटलीत काढून त्यात अन्न टाकून पाहायचे. अशा दोनशेहून जास्त प्रयोगांवरचं त्यांचं पुस्तक १८३३ मध्ये आलं. पचन ही मुख्यतः रासायनिक क्रिया आहे आणि जठरातल्या रसात तीव्र आम्ल असतं, हे त्यातून पक्कं झालं. (ते आम्ल हायड्रोक्लोरिक असल्याचं इंग्लंडमध्ये विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये दाखवलं होतं.) आणखी एक गोष्ट बोमाँटनी नोंदवली. सेंट मार्टिन चिडला की जठराच्या आतल्या अस्तराचं रूप बदलायचं आणि पचन बिघडायचं.

आम्ल आणि मन या पुढच्या दीडशे वर्षांच्या दोन्ही संशयितांची नावं त्या एका खिडकीतून मिळाली. सेंट मार्टिनला मात्र हे सगळं फारसं आवडलेलं दिसत नाही. तो अनेकदा बोमाँटना सोडून कॅनडात घरी निघून गेला. १८८० मध्ये तो वारला, तेव्हा डॉक्टरांनी त्याचं जठर मागू नये म्हणून घरच्यांनी प्रेत मुद्दाम कुजू दिलं आणि नेहमीपेक्षा खोल खड्ड्यात पुरलं. दुसऱ्यांच्या कुतूहलासाठी आयुष्यभर पोट उघडं ठेवलेल्या माणसाच्या घरच्यांचा हा शेवटचा नकार मला फार समजण्यासारखा वाटला.

*

जठरात आम्ल असतं हे कळल्यावर अल्सरचं कारणही आम्लच, हे ओघानं आलं. क्रोएशियातले सर्जन श्वार्त्झ यांनी १९१० मध्ये त्याचं सूत्रच करून टाकलं: आम्ल नाही तर अल्सर नाही. यात तथ्य होतं. आम्ल दाबलं की अल्सरचं दुखणं थांबतं आणि व्रण भरूनही येतो. म्हणून मग आम्ल दाबायचे मार्ग शोधणं हाच अल्सरचा उपचार झाला.

शिकागोचे डॉक्टर बर्ट्राम सिपी यांनी १९१५ मध्ये जो आहार सांगितला तो पुढे अर्धशतक चालला. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला दूध आणि साय, मधे मधे आम्ल मारणाऱ्या क्षारांच्या पुड्या. रुग्णांना बरं वाटायचं. पण दूध आणि क्षारांच्या अतिरेकानं काहींच्या रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू लागली. १९६० मध्ये तर शवविच्छेदनांच्या नोंदी तपासणाऱ्यांना असंही दिसलं की दुधाच्या आहारावर ठेवलेल्या अल्सरच्या रुग्णांत हृदयविकाराचा झटका जास्त आढळतो. शिवाय दूध मुळात तितकं निरुपद्रवी नाही. ते पोटात गेल्यावर थोडा वेळ आम्ल सौम्य होतं, पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. आईच्या थंड दुधानं अर्धा तास बरं वाटून पुन्हा का जळजळायचं, याचं उत्तर मला कराडच्या त्या खुर्चीत मिळालं.

दुधानं भागलं नाही की सर्जन होतेच. व्हिएन्नात बिलरोथ यांनी जानेवारी १८८१ मध्ये कर्करोग झालेल्या एका बाईच्या जठराचा भाग कापून उरलेलं जठर आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली होती. ते तंत्र लवकरच अल्सरसाठी वापरात आलं. १९४३ मध्ये शिकागोच्या ड्रॅगस्टेड यांनी मेंदूकडून जठराला आम्ल सोडायचा निरोप नेणारी मज्जातंतूच कापून टाकायला सुरुवात केली. विसाव्या शतकात जगभर अनेकांनी अल्सरपायी जठराचा भाग गमावला. आमच्या गल्लीतल्या एका आजोबांच्या पोटावर बेंबीपासून वरपर्यंत वळ होता, 'अल्सरचं ऑपरेशन' असं ते अभिमानानं सांगायचे. तो शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला.

*

आम्लच का वाढतं, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक काळानं आपापल्या चष्म्यातून दिलं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये जठराचा अल्सर फुटून दगावणाऱ्यांत तरुण मुली बऱ्याच असत, त्यातही घरकाम करणाऱ्या. तेव्हा दोष दिला गेला घट्ट कॉर्सेटला. विसाव्या शतकात हाच आजार मुख्यतः पुरुषांत, आतड्याच्या सुरुवातीला दिसू लागला. मग दोष गेला धावपळ, जबाबदारी आणि महत्त्वाकांक्षेकडे. शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मांडलं की कुणीतरी आपली काळजी घ्यावी ही दाबून टाकलेली इच्छा अल्सरच्या मुळाशी असते. पुढे साहेबाचा अल्सर हा विनोदाचा विषय झाला, जवळजवळ हुद्द्याची खूणच.

हे सगळंच खोटं होतं असं नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते त्या महिन्यांत अल्सर फुटून येणाऱ्यांची संख्या वाढल्याचं १९४२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये नोंदवलेलं आहे. ताणाचा पोटावर परिणाम होतो, बोमाँटनी तो डोळ्यांनी पाहिला होता. पण आगीत तेल कोण ओततंय आणि ठिणगी कुणी टाकली, हे दोन प्रश्न वेगळे असतात.

आपल्याकडेही शोध चालू होता. आयुर्वेदात 'माधवनिदाना'त अम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे, म्हणजे आंबट ढेकर आणि घशा-छातीतला दाह वेगळा आजार म्हणून ओळखला जाऊन तेराशे-एक वर्षं झाली. १९६० च्या दशकात रेल्वेतले डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी कर्मचाऱ्यांच्या नोंदींवरून दाखवलं की भात खाणाऱ्या दक्षिण आणि पूर्व भारतात अल्सर जास्त आहे आणि पोळी-रोटी खाणाऱ्या पंजाबात कमी. पोळी जास्त चावावी लागते, त्यामुळे लाळ जास्त मिसळते, असा त्यांचा कयास होता. तिखटावर सगळ्यांचाच रोष होता. बाबांना मीही फोनवर तेच सांगत आलो होतो: ठेचा कमी करा, टेन्शन घेऊ नका.

या स्पष्टीकरणांत एक समान धागा आहे. प्रत्येकात रुग्णाचं काहीतरी चुकलेलं असतं. तो चुकीचं खातो, चुकीचं जगतो, फार विचार करतो. अशा आजाराला डॉक्टरकडे जाण्यापेक्षा सवयी सुधारणं हाच उपाय वाटतो. मग माणूस गोळी घेतो आणि गप्प बसतो.

*

ती गोळीही तोवर तयार झाली. ब्रिटनमध्ये जेम्स ब्लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठराला आम्ल सोडायला लावणारा हिस्टामिनचा निरोप मधेच अडवणारं औषध बनवलं. सिमेटिडिन, बाजारातलं नाव टॅगामेट. १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. हजारो लोकांच्या शस्त्रक्रिया टळल्या. वर्षाला शंभर कोटी डॉलरची विक्री गाठणाऱ्या पहिल्या औषधांत त्याची गणना होते. १९८१ मध्ये आलेल्या रॅनिटिडिननं, म्हणजे बाबांच्या गोळीनं, त्यालाही मागे टाकलं. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं आणि ते योग्यच होतं. त्या औषधानं अल्सर खरोखर भरून येत होता.

अडचण एवढीच होती की औषध थांबवलं की बहुतेकांचा अल्सर वर्षभरात परत यायचा. म्हणून गोळी चालूच ठेवायची, वर्षानुवर्षं. आमच्या कामात याला ओळखीचा नमुना आहे. सर्व्हर दर आठवड्याला अडकतो, रीस्टार्ट केला की चालतो, म्हणून कुणीतरी दर रविवारी आपोआप रीस्टार्ट होण्याची सोय करून ठेवतो. मग तक्रारी थांबतात आणि मूळ बिघाड कुणी शोधत नाही. बाबांच्या बाबतीत ती सोय करणारा मी होतो.

*

मूळ बिघाड लोकांना दिसला नव्हता असंही नाही. इटलीत बिझोझेरो यांनी १८९३ मध्ये कुत्र्यांच्या जठरात मळसूत्री जीवाणू पाहून त्यांची चित्रं काढली होती. पुढे माणसांच्या जठरातही ते अधूनमधून दिसले. पण इतक्या तीव्र आम्लात जीवाणू टिकेल कसा, हा प्रश्न होता. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या पामर यांनी हजारावर रुग्णांच्या जठराचे तुकडे तपासले, त्यांना एकही जीवाणू दिसला नाही. त्यांनी वापरलेल्या रंगद्रव्यात ते जीवाणू नीट उठून दिसत नाहीत, हे नंतर कळलं. जठर निर्जंतुक असतं हे मात्र त्यानंतर पाठ्यपुस्तकी सत्य झालं.

याच सुमारास ग्रीसमधल्या मिसोलोंगी गावात योआनिस लिकूदिस नावाचे डॉक्टर होते. १९५८ मध्ये स्वतःच्या पोटाच्या दुखण्यावर प्रतिजैविकं घेतल्यावर त्यांचा जुना अल्सरही शमला. त्यांनी रुग्णांना तेच द्यायला सुरुवात केली आणि पुढची अनेक वर्षं देत राहिले. त्यांचा लेख अमेरिकेतल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकानं नाकारला, औषध कंपन्यांनी रस घेतला नाही आणि ग्रीसमधल्या वैद्यकीय मंडळींनी शिस्तभंगाची कारवाई करून दंड केला. ते १९८० मध्ये वारले. त्यांच्या रुग्णांना बरं वाटत होतं, पण तेवढा पुरावा पुरेसा नव्हता. दुधानंही बरं वाटत होतं, मज्जातंतू कापूनही बरं वाटत होतं. लिकूदिस यांच्याकडे जीवाणू नव्हता आणि औषध न दिलेल्या रुग्णांशी तुलना नव्हती. ते बरोबर होते हे आज आपल्याला कळतं, पण तेव्हाच्या लोकांना ते कळावं अशी सोय त्यांच्या कामात नव्हती.

ती सोय झाली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाला, पर्थमध्ये. रॉयल पर्थ हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरेन यांना ११ जून १९७९ रोजी, नेमकं स्वतःच्या वाढदिवशी, एका रुग्णाच्या जठराच्या तुकड्यावर वाकडे जीवाणू दिसले. चांदीचं रंगद्रव्य वापरल्यावर ते स्पष्ट उठून आले. जिथे जीवाणू तिथे सूज, हेही त्यांना वारंवार दिसू लागलं. सहकाऱ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. १९८१ मध्ये बॅरी मार्शल हे तिशीचे शिकाऊ डॉक्टर प्रकल्प शोधत त्यांच्याकडे आले.

दोघांनी १९८२ मध्ये एंडोस्कोपीला आलेल्या १०० रुग्णांचे तुकडे तपासले. जीवाणू दिसत होता, पण प्रयोगशाळेत वाढत नव्हता. तीसहून जास्त वेळा बशा रिकाम्या राहिल्या. नेहमीच्या पद्धतीनुसार दोन दिवसांत काही उगवलं नाही तर त्या फेकून देत. एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी आली आणि एक बशी पाच दिवस तशीच राहिली. सुट्टीनंतर तिच्यावर जीवाणू उगवलेला होता. तो फक्त सावकाश वाढणारा होता, त्याला तेवढा वेळ कुणी दिला नव्हता. हाच पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणून ओळखला गेला. तो आम्लात कसा टिकतो हेही उलगडलं. तो युरियापासून अमोनिया बनवतो, स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि जठराच्या चिकट अस्तराखाली राहतो.

त्या १०० जणांपैकी १३ जणांच्या आतड्याच्या सुरुवातीला अल्सर होता, नेमका बाबांसारखा. तेराच्या तेरा जणांत जीवाणू सापडला.

तरीही शंका रास्त होती. जीवाणूमुळे अल्सर झाला, की अल्सर झालेल्या जागी जीवाणू येऊन राहिला? मार्शलनी प्राण्यांना संसर्ग करून पाहायचा प्रयत्न केला, तो फसला. मग १९८४ मध्ये त्यांनी आधी स्वतःची एंडोस्कोपी करून जठर निरोगी असल्याची खात्री केली आणि एका रुग्णाकडून वाढवलेले जीवाणू घातलेलं पाणी पिऊन टाकलं. बायकोला आधी सांगितलं नव्हतं. आठवड्याच्या आत मळमळ, सकाळच्या उलट्या, तोंडाला दुर्गंधी सुरू झाली. दहाव्या दिवशीच्या एंडोस्कोपीत जठराला सूज आणि तिथे जीवाणू असं दोन्ही दिसलं.

ही गोष्ट नेहमी इथे संपवतात. एकटा वेडा शूर डॉक्टर आणि त्याला हसणारं जग. पण मार्शलना अल्सर झाला नव्हता, जठराची सूज झाली होती. आणि एका माणसाचा अनुभव कितीही धाडसी असला तरी एकाचाच असतो. मला जास्त महत्त्वाचा वाटला तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला व्हिएन्नातला शांत प्रयोग. अल्सर पुन्हा पुन्हा होणाऱ्या रुग्णांचे दोन गट केले. रॅनिटिडिन दोन्ही गटांना दिलं. एका गटाला सोबत प्रतिजैविकं, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सहा आठवड्यांत दोन्ही गटांतल्या बहुतेकांचे अल्सर भरून आले. दोघांनाही बरं वाटत होतं. वर्षभरानं पाहिलं तेव्हा नुसतं रॅनिटिडिन घेतलेल्यांपैकी ८६ टक्के लोकांचा अल्सर परतला होता. प्रतिजैविकं घेतलेल्यांपैकी फक्त ८ टक्के लोकांचा.

८६ आणि ८ यांच्यातलं अंतर म्हणजे बरं वाटणं आणि बरं होणं यांतलं अंतर. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं बोलावलेल्या तज्ज्ञांनी अल्सरमध्ये जीवाणू सापडला तर प्रतिजैविकं द्यावीत असं जाहीर केलं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या जीवाणूला कर्करोगकारक म्हणून पहिल्या वर्गात टाकलं, कारण जठराच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. २००५ मध्ये वॉरेन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं.

*

गोष्टीचा अर्धा भाग अजून बाकी आहे आणि बाबांच्या यादीत तो पहिल्या ओळीत होता. हा जीवाणू भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात सापडतो, साधारण लहानपणीच शिरतो आणि बहुतेकांना कधीच त्रास देत नाही. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. ॲस्पिरिन १८९९ मध्ये बाजारात आलं. ते जठराला इजा करतं हे लंडनच्या दोन डॉक्टरांनी १९३८ मध्ये दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिलं. का करतं हे १९७१ मध्ये जॉन वेन यांच्या कामातून कळलं. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं असतात. तीच दुखणं आणि सूज वाढवतात आणि तीच जठराच्या अस्तराचं रक्षणही करतात. गोळी गुडघ्यातलं दुखणं थांबवते तेव्हा जठराचं कुंपणही काढून घेते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा बहुतेक सांधेदुखीच्या गोळ्यांचं हेच आहे.

बाबांच्या पोटात दोन्ही होतं. आधीपासूनचा जीवाणू आणि वर दर महिन्याला येणाऱ्या गोळ्या. या गोळ्यांची एक वाईट खोड म्हणजे त्या दुखणं मारतात, त्यामुळे पोटातला व्रणही फारसा बोंबलत नाही. अनेकांना, विशेषतः वय झालेल्यांना, पहिली सूचना मिळते ती थेट रक्तस्रावाचीच.

त्या चार रात्रींत मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं की आम्हाला कळायला कधी हवं होतं. त्यांनी सांगितलं ते लिहून ठेवतो, कारण इतका इतिहास वाचूनही घरात उपयोगी पडेल असं एवढंच होतं. जळजळ स्वतः फार काही सांगत नाही. आम्ल वर येणं, अल्सर, पित्ताशयातले खडे, कधी कर्करोग, या सगळ्यांत ती सारखीच असू शकते. तिच्यासोबत काय आहे ते पाहायचं. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शी म्हणजे वरच्या बाजूला रक्तस्राव झाल्याचं धरून चालायचं. लोहाच्या गोळ्यांनी किंवा जांभळांनी शी गडद होते, पण असा वास आणि चिकटपणा सहसा येत नाही, आणि शंका असली तर घरी वाद घालत बसायचं नाही. रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, काळ्या शीसोबत चक्कर किंवा घाम आला, अचानक असह्य दुखून पोट फळीसारखं कडक झालं, तर त्याच तासाला हॉस्पिटल. छातीतल्या जळजळीसोबत दम लागत असेल, घाम फुटत असेल, हात किंवा जबडा दुखत असेल तर ते पित्त नाही असं समजून आधी ईसीजी. 'गॅस झालाय' म्हणत रात्र काढणारे किती जण सकाळ पाहत नाहीत, हे सांगताना डॉक्टरांचा आवाज पहिल्यांदा चढला.

आणि ज्यात घाई नाही पण टाळाटाळही नको, ते वेगळं. विनाकारण वजन उतरणं, घास अडकणं, वारंवार उलट्या, रक्त कमी असल्याचा रिपोर्ट, पन्नाशीच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेला पोटाचा त्रास, किंवा दोन-तीन आठवडे रोज गोळी लागतेय अशी स्थिती. वेदनाशामक रोज लागत असेल तर डॉक्टरला न विचारता एक आठवडाही नको.

*

बाबांना १४ दिवस प्रतिजैविकं दिली, आम्ल कमी करणारं औषध त्याहून जास्त काळ. आपल्याकडे बऱ्याच प्रतिजैविकांना हा जीवाणू आता दाद देत नाही, त्यामुळे डोस अर्धवट सोडायचा नाही आणि नंतर जीवाणू गेला की नाही हे तपासायचंच, असं बजावलं होतं. दोन महिन्यांनी फुंकर मारून करायची चाचणी केली. जीवाणू गेला होता. गुडघ्यांसाठी व्यायाम आणि चोळायचं औषध चालू आहे. गुडघे अजून दुखतात.

हॉस्पिटलातून घरी आल्यावर मी विचारलं, "चार-पाच दिवस काळं होत होतं, तर बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "असलं काय फोनवर सांगायचं मुलाला? आणि गोळीनं बरं वाटत होतं की." मी त्यांच्यावर चिडणार होतो. पण पावणेदोन वर्षं दर रविवारी फोन करून मी विचारत होतो तो प्रश्नही एकच होता: गोळ्या पोचल्या का?

ऑटो-रिफिल त्याच रात्री बंद केलं. आता रविवारच्या फोनवर मी जेवण, वजन, गुडघे आणि शौच असं सगळं विचारतो. पहिले काही आठवडे बाबा "ठीक" एवढंच म्हणायचे, आता सविस्तर सांगतात, कधी कधी नको इतकं सविस्तर. गेल्या महिन्यात मी घरी होतो तेव्हा त्यांच्या एका मित्राचा फोन आला. काकांना रोज पित्त उठत होतं आणि बाबा कोणती गोळी घ्यायचे त्याचं नाव हवं होतं. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि ओसरीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "गोळीचं राहू दे. आधी सांग, शौचाचा रंग कसला आहे?"